चार ते सात घरी कोण

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत सेफ्टी सुपरवायझर आहे. हेल्मेट काढून डोकं खाजवणारा माणूस शोधून काढायचा आणि ते हेल्मेट परत त्याच्या डोक्यावर बसवायचं, हे माझं सव्वीस वर्षांचं काम. माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. इथे लिहिण्यासारखं नाही. हा रोग घरापर्यंत येतो. स्वतःच्या साखरपुड्यात मी मांडवाच्या वायरी तपासत होतो, त्यामुळे निम्म्या फोटोंत मी नाहीच, हे बायको अजून पाहुण्यांना सांगते. मुलगा इलेक्ट्रिशियन आहे हे आपल्याला आधी का नाही सांगितलं, असं सासऱ्यांनी तेव्हा म्हणे मध्यस्थाला विचारलं होतं.

सगळीकडे धोका हुंगत फिरणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातला धोका मात्र दिसला नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता मुलीच्या कॉलेजातल्या बाईंचा फोन आला. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. तिने बाईंना सांगितलं होतं की कधी कधी जगावंसंच वाटत नाही. बाई अगदी शांतपणे बोलत होत्या, आणि मी कंपनीच्या गेटवर उभा राहून "हो मॅडम, हो मॅडम" करत होतो, जसा फॅक्टरी इन्स्पेक्टरशी करतो.

ती गप्प गप्प असते हे आम्हाला दिसत होतं. बायकोचं निदान हिमोग्लोबिन, माझं निदान मोबाइल. तिने बीट आणले, मी वायफायचा पासवर्ड बदलला. आपलाच उपाय लागू पडतोय असं दोघांनाही वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी मुलीला समोर बसवलं आणि पहिलं वाक्य बोललो ते असं: "तुला कमी काय आहे?" मग बुवापाड्याचा नळ सुरू झाला. आमच्या लहानपणी बुवापाड्यात बारा घरांना एक नळ होता, पहाटे हंडे लावायला मी जायचो, अभ्यास विहाराच्या ओट्यावर करायचो, आणि तरीही आम्हाला असलं काही वाटायला सवड नव्हती. हा नळ आमच्या घरात दर दोन-तीन महिन्यांनी उघडतो. त्या दिवशी तो पाऊण तास वाहिला. मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली. मला वाटलं, पटतंय तिला.

बायकोने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि बाईंनी सुचवलेल्या समुपदेशक मॅडमकडे मुलीला घेऊन गेली. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात, जीन्सच्या एका दुकानाच्या वर त्यांची खोली. खाली शिलाई मशिनांची घरघर, वर दोन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा. मीही मागाहून पोचलो. मुलगी तासभर आत होती. मग आम्हाला बोलावलं आणि मॅडम म्हणाल्या, "हिने स्वतःसाठी एक सेफ्टी प्लॅन केलाय. तुम्हाला दाखवायला ती तयार आहे."

सेफ्टी प्लॅन. इतका वेळ मी त्या खोलीत परक्या गावी उतरल्यासारखा बसलो होतो, ते दोन शब्द ऐकले आणि माझी पाठ ताठ झाली. म्हटलं, आता आपल्या लाइनीतलं काहीतरी आलं.

वहीचा एक कागद होता, तिच्या तिरक्या अक्षरात. सुरुवातीला, वाईट वेळ येतेय हे कशावरून ओळखायचं ते: केस विंचरावेसे वाटत नाहीत, कोणी विचारलं की "काही नाही" असं लागोपाठ दोनदा म्हणते. मग एकटीने करायच्या गोष्टी: जीन्सच्या कातरणांची पिशवी शिवणं, थंड पाण्याने तोंड धुणं. त्याखाली, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा: विहारामागचं मैदान, मैत्रिणीचं मांजर, पप्पा सिरीयल बघताना रडतात तेव्हा. त्याच्याही खाली, ज्यांना खरं सांगू शकते अशी माणसं: आई, आत्या, मैत्रीण, मॅडम. शेवटी रात्री-बेरात्री लावायचा हेल्पलाइनचा नंबर.

मी कागद दोनदा वाचला. पप्पा एकदाच आले होते. मांजराच्या खाली.

नुसत्या मानापमानाचा प्रश्न नव्हता हा, जरी तोही होता. माझी फर्स्ट शिफ्ट असते, मी चारला घरी येतो. मुलगी साडेचारला येते. बायको डोंबिवलीच्या एका शाळेच्या ऑफिसात, तिला यायला सात वाजतात. आत्या, म्हणजे माझी मोठी बहीण, बदलापूर गावात. म्हणजे रोज चार ते सात घरात जो एकमेव माणूस असतो, तो सांगण्याच्या यादीत नाही. कंपनीत असा कागद माझ्याकडे आला असता तर मी लाल पेनने तीन तासांचं भगदाड दाखवून परत पाठवला असता.

मी जवळजवळ तेच केलं.

आम्ही निघताना मॅडमनी आम्हा दोघांना काही गोष्टी सांगितल्या. घरातली औषधं कुलपात ठेवा. ती "वाटतंय तसं" म्हणाली तर एकटीला सोडू नका. आणि घाबरू नका, सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. बायकोने सगळं लिहून घेतलं. मी लक्ष देत नव्हतो, मी मनातल्या मनात त्या कागदाचा फॉरमॅट करत होतो.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या टेबलावरून कागदाचा फोटो काढला आणि कंपनीच्या कंप्युटरवर टाइप केला. वर डॉक्युमेंट क्रमांक, आवृत्ती एक, पुढील तपासणीची तारीख. धोक्याची चिन्हं पिवळ्या चौकटीत. प्रत्येक ओळीपुढे "जबाबदार व्यक्ती" असा रकाना. आणि खरं सांगायच्या माणसांत, सर्वात वर, मी स्वतः भर घातली: वडील, दुपारी ४ ते सायंकाळी ७. मग उल्हासनगरला जाऊन लॅमिनेशन. दुकानदार सिंधी, माझ्या ओळखीचा, कंपनीचे सगळे बोर्ड तोच करतो.

"साईं, कितने का गेज दूँ? बाहर लगेगा, धूप-बारिश में?"

"नहीं, घर में लगेगा."

"घर में?" त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. मराठी त्याला वाचता येत नाही, हे माझं नशीब. "घर में भी फॅक्टरी खोल दी क्या?"

तीन प्रती केल्या. एक फ्रिजवर, एक टीव्हीशेजारी, एक चपलांच्या रॅकवर, म्हणजे जाता-येता दिसेल. रविवारी सकाळी पोहे झाल्यावर मी मॉक ड्रिल जाहीर केलं. शिट्टी आणली होती. बायकोने हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, शिट्टी खिशात घाला." मी म्हटलं, सराव नसला की ऐन वेळी माणूस गोंधळतो. हे मी कंपनीत शेकडो वेळा म्हटलंय आणि ते खरंही आहे.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू कोथिंबीर मागायला आल्या. फ्रिजसमोर थांबल्या. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि सावकाश, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत वाचलं. "छान केलंय हो," त्या म्हणाल्या, "आमच्या गॅसचंपण असं एक करून द्या."

मुलगी मागे दारात उभी होती.

काकू गेल्यावर तिने फ्रिजवरचा कागद काढला. मग टीव्हीजवळचा, मग चपलांचा. आवाज चढवला नाही. "पप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलेलं भिंतीवर जातं." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, तेवढं ऐकून मी श्वास सोडला.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चार ते सात आम्ही दोघं घरात असायचो आणि मला घड्याळाचा काटा ऐकू यायचा. मी दर वीस मिनिटांनी "चहा घेणार?" विचारायचो. इतका चहा कंपनीच्या कॅन्टीनमध्येही कोणी कोणाला विचारत नाही. औषधांचा डबा बायकोने कपाटात कुलूपबंद केला होता आणि किल्ली तिच्या पर्समध्ये, डोंबिवलीला. मला त्या आठवड्यात रोज अ‍ॅसिडिटी झाली आणि गोळीसाठी रोज सातपर्यंत थांबावं लागलं. एकदा फोनवर कुरकुर केली तर म्हणाली, "थंड दूध प्या आणि गप्प बसा. दोन्ही तब्येतीला चांगलं."

शेवटी मी स्कूटर काढून बदलापूर गावात बहिणीकडे गेलो. तिचं नाव यादीत होतं, माझं नव्हतं; तिच्याकडे असं काय आहे ते पाहायचं होतं. ताई पडवीत वाल सोलत बसली होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले, समोर परात.

"ती तुझ्याकडे येते तेव्हा तू काय करतेस?" मी विचारलं.

"काय नाय करत."

"काहीतरी सांगत असशील ना. समजावत असशील."

"मला काय समजतंय, तर मी समजावू? वाल देते सोलायला." तिने परात माझ्याकडे सरकवली. "घे, तू पण सोल. रिकामा बसू नको."

मी सोलायला लागलो. अंगठ्याने दाबलं की दाणा सालातून सुळकन बाहेर येतो. माझे निम्मे दाणे पडवीबाहेर उडत होते.

"वाल सोलताना मान वर नाय करायची," ताई म्हणाली. "तू तिच्या तोंडाकडे बघतोस टकामका. पोलिसासारखा. मान खाली असली की माणूस बोलतो."

"आणि बोलली की?"

"मग ऐकायचं. आपले हात गुंतलेले असतात ना, म्हणून तोंड पण जरा कमी चालतं." थोडा वेळ सोलून ती म्हणाली, "तो नळ तू तिला किती वेळा सांगितलास?"

"एकदा. दोनदा."

"ती म्हणाली, तिला हंडेसुद्धा पाठ आहेत. कुठल्या हंड्याला चीर होती ते पण."

मी आणखी दोन दाणे अंगणात उडवले. कोंबडी धावली.

पुढच्या शनिवारी मॅडमनी तिघांनाही बोलावलं होतं. फ्रिजची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली होती, कारण आत शिरताच त्या माझ्याकडे बघून किंचित हसल्या. मला वाटलं आता झाडणार. त्यांनी विचारलं, "तुमच्या कंपनीत कोणी येऊन सांगितलं की साहेब, आज मी थोडक्यात वाचलो, तर तुम्ही काय करता?"

या विषयावर मी झोपेतही बोलू शकतो. मी म्हटलं, मॅडम, हीच तर मेन गोष्ट. पाय सरकला पण पडला नाही, ड्रम घसरला पण लागला नाही, अशा गोष्टी माणसं लपवतात. त्या आपल्यापर्यंत आल्या पाहिजेत. म्हणून पहिला नियम, आलेल्या माणसावर ओरडायचं नाही. तुझंच चुकलं म्हणायचं नाही. आमच्या काळात असं नव्हतं असं तर अजिबात म्हणायचं नाही. आधी थँक्यू म्हणायचं. मग बसवायचं, पाणी द्यायचं, मग काय झालं ते विचारायचं. आणि त्याचं नाव नोटीस बोर्डवर लावायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोणी येत नाही आणि मग एकदम अपघातच…

इथे मी थांबलो. बायको छताच्या पंख्याकडे बघत होती. खाली मशिनं घरघरत होती.

मुलगी म्हणाली, "मग मला पाऊण तास नळ का सांगितलात?"

मी म्हटलं, "चुकलं." सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं असेल. मग म्हटलं, "लॅमिनेशनपण चुकलं."

"शिट्टी," बायको म्हणाली.

"शिट्टीपण."

मुलगी हसली. मोठ्याने नाही, नाकातून, पण तिचं ते नाकातलं हसू मी पाच-सहा महिन्यांत ऐकलं नव्हतं. मॅडमनी टिश्यूचा डबा उचलला आणि माझ्या बाजूला ठेवला.

त्यानंतर मी अभ्यासाला लागलो. सरळ विचारायचं, हे सर्वात अवघड होतं. मॅडमनी नेमकं वाक्यच दिलं होतं, पण माझ्या तोंडात ते अर्ध्यावर अडायचं. म्हणून मी कंपनीच्या वॉशरूममध्ये, आरशासमोर, कोणी नाही बघून सराव करायचो: "तुला जीव द्यावासा वाटतो का?" तिसऱ्या दिवशी मागच्या संडासाच्या दारातून आमचा बिहारी वेल्डर बाहेर आला. त्याला मराठी चांगलं कळतं. दुपारी तो माझ्या टेबलाशी चहा घेऊन आला, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "सर, घर पे सब ठीक ना? मन में कुछ हो तो बोल दीजिए. हम किसी को नहीं बोलेंगे." मी त्याला सगळं समजावून सांगितलं, तरी तो आठवडाभर माझ्यासोबत गेटपर्यंत चालत आला. माझा अर्धा अभ्यास त्याने करून घेतला असं म्हणायला हरकत नाही.

वालाचंही शिकलो. पहिली खेप मी पाण्यातच दोन दिवस विसरलो, वास जिन्यापर्यंत गेला. दुसऱ्या खेपेला फडक्यात बांधले, मोड आले. रोज चारला यायचं, परात घेऊन खाली बसायचं. मुलगी पहिल्या दिवशी दारातून बघून गेली. नंतर एकदा येऊन म्हणाली, "पप्पा, तुम्ही दाण्याचे दोन तुकडे करताय," आणि बसली. तासभर आम्ही कॉलेजच्या कॅन्टीनबद्दल बोललो. तासभर म्हणजे ती बोलली. मला बारा वेळा मध्ये बोलावंसं वाटलं, मी बारा दाणे जास्त सोलले.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी ती आली ती केस न विंचरता, तसेच रबरात गुंडाळलेले. बॅग सोफ्यावर टाकली. मी विचारलं, "काय गं?"

"काही नाही."

मी वाल पुढे सरकवले. ती बसली, पण हात घातला नाही.

"कॉलेजात काही झालं?"

"काही नाही."

दोनदा. मी मान खाली घातली आणि सोलत राहिलो.

"पप्पा," ती परातीकडे बघत म्हणाली, "आज परत तसं वाटतंय."

पाठ केलेलं सगळं माझ्या डोक्यातून उडालं. एकच शब्द उरला. "थँक्यू," मी म्हणालो.

तिने वर बघितलं. "थँक्यू काय?"

"सांगितलंस म्हणून." मग मी ते वाक्य विचारलं. आरशातल्यापेक्षा बरं जमलं, आवाज थोडा फाटला एवढंच. ती म्हणाली, विचार येताहेत, सकाळपासून. करायचं काही ठरवलेलं नाही. पण एकटीला बसवत नाहीये.

"मग मी आहे इथे. कुठे जात नाही."

ती रडली. मी नळाची आठवणसुद्धा काढली नाही, आणि हे मी आयुष्यात केलेल्या मोजक्या चांगल्या कामांत धरतो. ओला हात तसाच तिच्या पाठीवर ठेवला, तिच्या ड्रेसवर वालाची सालं चिकटली. जरा थांबल्यावर तिला विचारलं, "मॅडमना फोन करायचा? तू करतेस की मी?" ती म्हणाली, "तुम्ही लावा, मी बोलते." मॅडमनी साडेसहाला यायला सांगितलं. मी बायकोला कळवलं, ती परस्पर विठ्ठलवाडी स्टेशनला उतरून तिकडे येणार होती. मधल्या वेळात आम्ही उरलेले वाल सोलले, कारण दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं.

मॅडमकडे ती तासभर होती. आम्ही नवरा-बायको बाहेरच्या बाकावर, जीन्सच्या गठ्ठ्यांशेजारी. आतून दोनदा तिचा आवाज आला, एकदा रडका, एकदा नाही. ती बाहेर आली तेव्हा हातात नवा कागद होता, पेन्सिलने लिहिलेला. मॅडम म्हणाल्या, प्लॅन बदलत राहतो, म्हणून पेन्सिल. तिने कागदाची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि चेन लावली. त्यात माझं नाव आहे का, हे मी विचारलं नाही.

"भूक लागलीय," ती म्हणाली.

कोपऱ्यावर दाल पकवान मिळालं, सिंधी लोकांचा सकाळचा पदार्थ, पण तिथला दुकानदार दिवसभर विकतो. तिने दोन प्लेट खाल्ल्या. बायकोला मध्येच रडू आलं, तिने ते तिखटावर ढकललं. मी एक विनोद सांगितला. कोणी हसलं नाही, दुकानदारसुद्धा नाही, आणि मुलगी आईला म्हणाली, "बघ, ठीक आहे सगळं."

आता ती बारावीत आहे. मॅडमकडे जाणं चालू आहे, महिन्यातून दोनदा, मैत्रिणीकडे जावं तसं जाते. वाईट दिवस येतात, पण आधीइतके लांबत नाहीत. कुलूप अजून आहे आणि थंड दुधाची मला सवय झाली आहे. त्या कागदावर माझं नाव आहे की नाही हे मला अजून माहीत नाही. बायकोला दोनदा विचारलं, ती म्हणते तिलाही माहीत नाही. ती खोटं बोलते तेव्हा पदर झटकते.

त्या मंगळवारनंतर तिला दोनदा "तसं" वाटलं, आणि दोन्ही वेळा तिने सांगितलं. एकदा मला. दुसऱ्यांदा बदलापूरला आत्याला फोन लावला, कारण मी आंघोळीला गेलो होतो आणि तिला थांबायचं नव्हतं. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर ती फोनवर बोलतच होती. मला बघून तिने फक्त हात वर केला, की आहे, ठीक आहे. मी तसाच ओला शेजारच्या खुर्चीत बसून राहिलो. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.